गिऱ्हाइकाचे शहाणपण

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जो सरळ रस्ता जातो, त्याला आज कस्तुरबा गांधी मार्ग असे नाव आहे. पूर्वी तो कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. हिंदुस्थानच्या एका प्रतापी व्हाइसरॉयचे नाव पुसून तेथे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४४ साली बंदिवासातच देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव यावे, यातही इतिहासाचा एक न्याय आहे. या मार्गावर हिंदुस्तान टाइम्स या वृत्तपत्राची इमारत आहे, मुंबईचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी उभारलेले ब्रिटिश कौन्सिलचे भवन आहे, जर्मन भाषा शिकविणारे मॅक्स म्युलर भवन आहे आणि २०१३ सालापासून नवे महाराष्ट्र सदनही आहे. सचिव, वार्ताहर, विद्यार्थी, वकील, मोटारचालक, पहारेकरी, चहावाले आणि महाराष्ट्रातून कामानिमित्त आलेली मंडळी अशा सर्व थरांतील माणसे येथे एकाच पदपथावरून चालतात.

या माणसांच्या हातांतील आणि खिशांतील भ्रमणध्वनी पाहिले, तर एक गोष्ट चौकस माणसाच्या नजरेतून सुटत नाही. नव्यात नवे, काचेच्या लखलखीत पृष्ठभागाचे यंत्र येथे आहेच. पण त्याच्या शेजारीच जाड बटणांचा, लहानशा पडद्याचा, चार पावसाळे पाहिलेला साधा फोनही सुखाने नांदत आहे. कित्येकांच्या एका खिशात एक आणि दुसऱ्या खिशात दुसरा असतो. विज्ञानाने इतकी मोठी झेप घेतल्यावरही माणसे मागचे यंत्र का धरून ठेवतात? अधिक प्रगत वस्तू बाजारात हजर असता गिऱ्हाईक कमी प्रगत वस्तूला पसंती का देते? अज्ञान, दारिद्र्य किंवा सवय अशी झटपट उत्तरे या प्रश्नाला दिली जातात. तथापि आपल्या देशातील भ्रमणध्वनीचा इतिहास बारकाईने पाहिला, तर ही उत्तरे अपुरी वाटू लागतात.

हा इतिहास ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील संचार भवनात बसलेल्या दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. देशातील तो असा पहिला संवाद. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबई येथेही ही सेवा सुरू झाली. परंतु ती सेवा म्हणजे श्रीमंतांचा दागिना होता. एका मिनिटाच्या बोलण्याला आठ रुपयांहून अधिक, आणि गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट, असा दर होता. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने केलेला फोन घेतला तरी घेणाऱ्याला पैसे मोजावे लागत. घंटी वाजली की आनंद होण्याऐवजी छातीत धस्स व्हावे, अशी ती स्थिती होती.

येथेच भारतीय गिऱ्हाइकाची पहिली शिकवणी झाली. यंत्राची किंमत एकदा द्यावयाची असते, वापराची किंमत रोज द्यावी लागते, हे त्याने ओळखले. म्हणून यंत्रात काय काय करता येते, यापेक्षा ते वापरताना खर्च किती होतो, हा प्रश्न त्याने आधी विचारला. ‘मिस्ड कॉल’ हा प्रकार याच हिशेबातून जन्मास आला. एकदा घंटी वाजवून फोन बंद केला, तर ‘मी पोहोचलो’, दोनदा वाजविली तर ‘खाली ये’, असे संकेत घराघरांत ठरले. कोणत्याही अभियंत्याने न योजलेली आणि कोणत्याही कंपनीला एक पैसा न देणारी ही संदेशसेवा लोकांनी आपली आपण निर्माण केली. तिच्यासाठी अत्यंत साधे यंत्र पुरेसे होते.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील परवानाशुल्काचा बोजा बदलला आणि दर उतरू लागले. १ मे २००३ पासून येणाऱ्या फोनचे शुल्क बंद झाले. बोलावणाऱ्याने पैसे द्यावयाचे, ही पद्धत सुरू झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने अवघे ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची योजना काढली. भ्रमणध्वनी आता सुताराच्या, रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या आवाक्यात आला.

या रिलायन्सच्या सेवेची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. ती सीडीएमए नावाच्या तंत्रावर चालत असे. रेडिओलहरींच्या तेवढ्याच पट्ट्यात अधिक संभाषणे सामावून घेण्याची त्या तंत्राची क्षमता होती, आणि पुढील पिढीच्या जाळ्यांनी त्याचेच तत्त्व उचलले. अभियंत्याच्या दृष्टीने ते प्रतिस्पर्धी जीएसएम तंत्राहून पुढारलेले होते, असे म्हणण्यास जागा आहे. पण त्या सेवेच्या फोनमध्ये वेगळे काढता येणारे सिमकार्ड नव्हते. यंत्र आणि कंपनी यांची गाठ पक्की बांधलेली. जीएसएमच्या गिऱ्हाइकाला मात्र नखाएवढे कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येई, जुना फोन धाकट्या भावाला देता येई, बाजारात विकता येई. प्रगत तंत्र आणि हातातले स्वातंत्र्य यांतून एक निवडण्याची वेळ आली तेव्हा बहुसंख्य लोकांनी स्वातंत्र्य निवडले. पुढे त्याच कंपनीला जीएसएमकडे वळावे लागले.

२००३ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी फिनलंडच्या नोकिया कंपनीने थोड्याच आठवड्यांच्या अंतराने दोन फोन बाजारात आणले. एकाचे नाव एन-गेज. त्यात रंगीत पडदा होता, खेळ होते, संगीत होते. भविष्यकाळ जणू मुठीत आणून दिला होता. पण त्यातला खेळ बदलावयाचा तर पाठीमागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे आणि बोलावयाचे तर ते यंत्र कानाशी आडव्या कडेने धरावे लागे. लोक हसू लागले. खेळ खेळणाऱ्याला ते गैरसोयीचे आणि बोलणाऱ्याला विचित्र वाटले. कंपनीची मोठी अपेक्षा फोल ठरली.

दुसऱ्या फोनचे नाव होते नोकिया ११००. वजन ८६ ग्रॅम, पडदा एकरंगी, छायाचित्रणाची सोय नाही, संगीत नाही. नव्या गोष्टींच्या यादीत त्याच्या नावे लिहिण्यासारखे एकच होते, ते म्हणजे डोक्यावर बसविलेला लहानसा दिवा. परंतु या फोनच्या रचनेमागे विकसनशील देशांतील माणसाच्या दिनक्रमाचा विचार होता. बटणांवर एकसंध रबरी आवरण होते, त्यामुळे धूळ आत शिरत नसे. कडा किंचित खडबडीत होत्या, म्हणून घामेजलेल्या हातातून तो निसटत नसे. एकदा विद्युत्भारित केला की ४०० तासांपर्यंत तो सज्ज राहू शकतो, असे कंपनी सांगे. एक कळ दाबून धरली की दिवा लागे. या ठेंगण्या फोनच्या जगभरात सुमारे पंचवीस कोटी प्रती खपल्या. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोन २००५ साली नायजेरियात विकला गेला, तोही ११०० च होता. सर्वाधिक खपलेल्या फोनांच्या नामावळीत त्याचे स्थान आजही अगदी वरचे आहे.

या यशाचे रहस्य दिल्लीच्या किंवा हेलसिंकीच्या कचेरीत बसून उलगडत नाही. त्यासाठी महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात जावे लागते. त्या दशकात मुंबई वगळता राज्याचा मोठा भाग भारनियमनाने गांजलेला होता. खेड्यांतून दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि शेतीपंपाला ती बहुधा रात्रीच मिळे. शेतकरी रात्री उठून मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर जाई. वाटेत साप, विंचू, काटे. अशा माणसाच्या हातात दिवा असलेला, पुन्हा पुन्हा विजेची याचना न करणारा फोन आला, तेव्हा त्याने फोन आणि बॅटरी अशा दोन वस्तूंचे काम एका वस्तूत मिळविले. शहरातील जाणत्या टीकाकाराला तो दिवा खेळणे वाटला असेल. शेताच्या बांधावर तो जिवाचा प्रश्न होता.

दुसरा गुण हाताळणीचा. प्रत्येक बटणाला आपले ठरलेले स्थान होते आणि दाबल्याचे बोटाला कळत होते. न पाहता, खिशातल्या खिशात, अंधारात किंवा मोटारसायकल थांबवून क्षणार्धात क्रमांक लावता येई. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आकड्यांच्या जागा पाठ होत. गवंड्याच्या सिमेंटने माखलेल्या बोटांना, गवळ्याच्या ओल्या हातांना, म्हाताऱ्या आजीच्या थरथरत्या अंगठ्याला काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग जो प्रतिसाद देत नाही, तो ही बटणे देत. तिसरा गुण दुरुस्तीचा. पाठ उघडून बॅटरी काढता येई, तीच बॅटरी अनेक नमुन्यांना चाले, आणि तालुक्याच्या गावी स्टँडसमोरच्या टपरीत बसलेला पोरगा लहानशा पेचकसाने फोन खोलून अर्ध्या तासात परत देई. जी वस्तू आपल्या गावात दुरुस्त होते तीच खऱ्या अर्थाने आपली, हे बैलगाडीपासून शिवणयंत्रापर्यंत ग्रामीण माणसाने अनुभवाने जाणलेले तत्त्व आहे.

तथापि साधे तेवढे टिकते, असाही सिद्धांत यावरून काढता येत नाही. भ्रमणध्वनीबरोबरच १९९५ च्या सुमारास आपल्याकडे पेजर आला होता. तो फोनहून साधा होता, स्वस्तही होता. कमरेला पेजर लावून मिरविणारी माणसे त्या काळी मुंबई-दिल्लीत पुष्कळ दिसत. पण तो निरोप केवळ घेऊन येई. उत्तर देण्यासाठी पुन्हा सार्वजनिक दूरध्वनी शोधावा लागे. बोलण्याचे दर उतरताच लोकांनी पेजर निर्दयपणे टाकून दिला. गिऱ्हाइकाला साधेपणाचा मोह नसतो आणि नवेपणाचा तिटकाराही नसतो. आपले काम पुरे होते की नाही, एवढेच त्याचे माप असते.

फार पुढे गेलेल्या वस्तूचीही हीच गत होते. १९९४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने ‘सायमन’ नावाचा फोन विकावयास काढला. बोटाने स्पर्श करावयाचा पडदा, दैनंदिनी, पत्रव्यवहार असे आजच्या स्मार्टफोनचे बहुतेक गुण त्यात होते. पण त्याची बॅटरी तासाभरात दम टाकी आणि किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. सुमारे ५० हजार नग खपल्यावर तो मागे घेण्यात आला. कल्पना खोटी नव्हती. तिला पेलणारी बॅटरी, जाळे आणि दर तेव्हा अस्तित्वात नव्हते.

मराठी माणसाला याचे जवळचे उदाहरण आठवेल ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनविला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. ही समजूत चुकीची होती, यात शंका नाही. पण एका मोसमाचे पीक गेले तर ज्याच्या घरी चूल पेटत नाही, तो नवा प्रयोग आपल्या शेतावर करण्यास का कचरतो, हेही समजून घेतले पाहिजे. नांगर टिकतो, खोल जातो, मोडला तर त्याचे भाग मिळतात, हे डोळ्यांनी दिसल्यावर त्याच शेतकऱ्याने किर्लोस्करांचे नाव घरोघर नेले. अविश्वास आणि स्वीकार ही दोन्ही एकाच व्यवहारबुद्धीची रूपे होती.

भ्रमणध्वनीच्या व्यापारात ही व्यवहारबुद्धी ज्यांनी ओळखली ते तरले. दिल्लीच्या शेजारी गुडगावात असलेल्या मायक्रोमॅक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी राहुल शर्मा यांनी बंगालमध्ये ट्रकच्या बॅटरीवर चालणारा सार्वजनिक दूरध्वनी पाहिला आणि त्यातून त्यांना कल्पना सुचली, असे ते सांगत. २००८ साली या कंपनीने एकदा विद्युत्भारित केला की महिनाभर चालेल अशी जाहिरात करीत फोन आणला. पाठोपाठ दोन सिमकार्डे घेणारे फोन लोकप्रिय झाले. एका कंपनीचा दर रात्री स्वस्त, दुसरीचा गावाकडे बोलण्यास स्वस्त. मग दोन कार्डे ठेवून पैसे वाचवावे, हा लोकांचा रोकडा हिशेब होता. नोकियासारख्या बलाढ्य कंपनीने या मागणीकडे २०११ पर्यंत पुरेसे लक्ष दिले नाही आणि त्याची किंमत तिला भारतीय बाजारात मोजावी लागली.

प्रगत सेवेची परीक्षाही दिल्लीतच झाली. ११ डिसेंबर २००८ रोजी महानगर टेलिफोन निगमने देशातील पहिली तिसऱ्या पिढीची, म्हणजे थ्री-जी सेवा दिल्लीत सुरू केली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. समोरच्याचा चेहरा पाहत बोलता येईल, हे तिचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले गेले. परंतु योग्य ते फोन महाग होते, वापराचे दर जड होते, आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याजवळही तसाच फोन हवा होता. लोकांनी कौतुकाने पाहिले आणि आपला जुना फोन पुन्हा खिशात घातला.

याच्या उलट प्रकार २०१६ आणि २०१७ साली घडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने चौथ्या पिढीची सेवा सुरू केली आणि माहितीच्या वहनाचा दर एकदम खाली आला. पुढील वर्षी १५०० रुपयांची परत मिळणारी अनामत ठेवून जिओफोन देण्यात आला. त्याचा देह जुन्या फोनचा होता. तीच बटणे, तोच दिवा, तोच रेडिओ. पण आत चौथ्या पिढीचे जाळे. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही चालू लागले. ज्या माणसांनी थ्री-जीकडे पाठ फिरविली होती, त्यांनीच गाणी, चित्रफिती आणि गावाकडची छायाचित्रे मनमुराद पाहिली. मागासलेले म्हणून ज्यांना हिणविले गेले ते वस्तुतः योग्य किमतीची आणि ओळखीच्या आकाराची वाट पाहत होते.

येथपर्यंतची कथा गिऱ्हाइकाच्या शहाणपणाची आहे. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. साधा फोन वापरणारा प्रत्येकजण तो आवडीने वापरतो असे नाही. कित्येकांना महाग यंत्र परवडत नाही. कित्येक स्त्रियांच्या वाट्याला घरातील जुना फोन येतो. कित्येकांना पडद्यावरील भाषा वाचता येत नाही. सर्व भ्रमणध्वनींवर भारतीय भाषांतील मजकूर दिसलाच पाहिजे, असा आदेश सरकारने २०१६ साली काढला, म्हणजे सेवा सुरू होऊन एकवीस वर्षे उलटल्यावर. पसंती आणि नाइलाज या दोहोंचे बाह्य रूप एकच दिसते. बाजाराच्या आकड्यांना त्यांतील भेद कळत नाही.

हा भेद २०२१ साली फार कठोरपणे पुढे आला. कोविडच्या लसीकरणात १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटास प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांना कोविन या व्यवस्थेवर इंटरनेटद्वारा आधी नाव नोंदविणे सक्तीचे होते. ज्याच्या हाती साधा फोन होता, त्याला लसीसाठी दुसऱ्याच्या फोनची मनधरणी करावी लागली. सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेवर बोट ठेवले. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदविण्याची मुभा मिळाली. त्या तीन आठवड्यांत शहाण्या गिऱ्हाइकाचे शहाणपण त्याच्या कामी आले नाही. कालपर्यंत जी निवड होती, ती राज्याच्या एका नियमाने उणीव ठरली.

याच्या उलट दिशेने झालेले प्रयत्नही नमूद केले पाहिजेत. साध्या फोनवरून पैसे देता यावेत म्हणून २०१४ साली *९९# ही सेवा सर्वांस खुली झाली, आणि ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे ही पद्धत सुरू केली. इंटरनेटवाचून, केवळ क्रमांक लावून किंवा मिस्ड कॉल देऊनही व्यवहार करण्याची तीत सोय होती. साधे फोन वापरणाऱ्यांची संख्या त्या वेळी ४० कोटींच्या वर असल्याचे सांगण्यात आले होते. पैसे वाचविण्यासाठी लोकांनी शोधून काढलेली मिस्ड कॉलची युक्ती देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या व्यवस्थेत मानाने जाऊन बसली, ही या इतिहासातील एक रम्य घटना होय.

यंत्र किती पुढे गेले, हे प्रयोगशाळेत ठरते. ते माणसाच्या किती जवळ आले, हे बाजारात, शेतात आणि रस्त्यावर ठरते. ज्या हातांनी नांगर पारखला, सायकल पारखली, ट्रान्झिस्टर पारखला, त्याच हातांनी भ्रमणध्वनीही पारखला. किती वेळ चालतो, किती खर्चात चालतो, पडला तर टिकतो का, बिघडला तर गावात सुधारतो का, हे त्यांचे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. वस्तू घडविणाऱ्यांनी ते ऐकले तेव्हा कोट्यवधी घरांत त्यांना जागा मिळाली. राज्यकारभार चालविणाऱ्यांनीही ते ऐकले पाहिजेत. लस, शिधा, निवृत्तिवेतन या गोष्टींचा दरवाजा एकाच प्रकारच्या यंत्राने उघडत असेल, तर ज्याने दुसरे यंत्र निवडले किंवा ज्याला ते निवडणे भाग पडले, तो नागरिक दाराबाहेर राहतो. कस्तुरबा गांधी मार्गावरून जाणारा अधिकारी आणि त्याची मोटार चालविणारा सारथी यांच्या खिशांतील यंत्रे वेगळी असतील. नागरिक म्हणून त्यांच्या हक्कांत त्यामुळे अंतर पडता कामा नये.